धबधबा, पोथी आणि कुलूप: वऱ्हाडातली जैन वाट

ज्यांना हेडफोन लावायची सोय नाही आणि बसमध्ये बसून वाचायचंय, त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर इथे देतोय. बोलताना जे थोडं पसरट झालं होतं ते लिहिताना आवरलंय, बाकी गप्पा त्याच.

आजचा विषय आपल्या घराजवळचा आहे. मोबाईलवर ‘मुक्तागिरी’ टाइप करा. पहिले वीस व्हिडिओ धबधब्याचे येतील. पावसाळा, धुकं, पांढरी मंदिरं, वरून कोसळणारं पाणी आणि मागे एखादं हिंदी गाणं. दिसायला एकदम भारी. पण त्या वीस व्हिडिओंत ही मंदिरं कुणाची, कधीची, इथे माणसं कशासाठी येत होती, याबद्दल एक वाक्य सापडलं तर नशीब.

मी मूळचा गुरुकुंज मोझरीचा, सध्या पुण्यात कोड लिहितो. मी जैन नाही. पण अमरावती, अचलपूर, कारंजा, शिरपूर ही नावं लहानपणापासून एसटीच्या पाट्यांवर वाचत आलोय. या गावांना जोडणारी हजारेक वर्षांची एक जैन वाट आहे, हे मात्र इंजिनिअरिंग संपल्यावर कळलं, तेही एका गणिताच्या शोधात. ते पुढे सांगतो.

आजकाल ‘हेरिटेज टुरिझम वाढवा’ असं सगळेच म्हणतात. रस्ता करा, बोर्ड लावा, सेल्फी पॉइंट करा. माझं म्हणणं एवढंच आहे की वऱ्हाडातल्या जैन वारशाचा अर्धा भाग दगडात आहे आणि अर्धा कागदावर. फक्त दगड दाखवला तर पाहुणा धबधबा बघून परत जाईल. कागद वाचून दाखवला तर तो पुन्हा येईल.

मुक्तागिरी: दोन राज्यांच्या मधला डोंगर

परतवाड्याहून निघालं की सातपुड्याच्या पायथ्याशी मुक्तागिरी लागते. डोंगराच्या कुशीत आणि उतारावर मिळून ५२ मंदिरं. दिगंबर जैन परंपरेत हे सिद्धक्षेत्र आहे, म्हणजे जिथून मुनी मोक्षाला गेले अशी श्रद्धा असलेली जागा. ‘निर्वाणकांड’ नावाच्या जुन्या प्राकृत रचनेत अचलपूरच्या ईशान्येला असलेल्या मेढगिरीवरून साडेतीन कोटी मुनी मुक्त झाले, असा उल्लेख आहे. मेढगिरी म्हणजेच आपली मुक्तागिरी. मेढ्याची एक कथाही सांगतात: वरून पडलेल्या मेंढ्याला मुनींनी मरताना णमोकार मंत्र ऐकवला आणि त्याला देवगती मिळाली.

आज दिसणारी बरीचशी मंदिरं नंतरच्या शतकांतली आहेत. पण डोंगरात कोरलेलं एक लेणंवजा मंदिर आहे, तिथे थांबा. तिथले खांब आणि छत बघितलं की हे काम जास्त जुनं आहे हे कुणालाही जाणवेल.

आता गंमत बघा. मुक्तागिरीला जाणारा रस्ता अमरावती जिल्ह्यातून जातो, जवळचं मोठं गाव परतवाडा, यात्रेकरू वऱ्हाडातले, आणि जागा मात्र मध्य प्रदेशात, बैतूल जिल्ह्यात! इंग्रजांच्या काळात मध्य प्रांत आणि वऱ्हाड एकाच कारभाराखाली होते, तेव्हा याचं कुणाला काही वाटत नव्हतं. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, वऱ्हाड मुंबई राज्यात आलं, बैतूल मध्य प्रदेशात राहिलं आणि नकाशावरची रेघ या डोंगराच्या अलीकडून गेली. महाराष्ट्राच्या माहितीपत्रकात मुक्तागिरी बसत नाही, आणि भोपाळवरून बघितलं तर ती राज्याच्या पार टोकाला.

मग इतकी वर्षं ही जागा सांभाळली कुणी? इथल्याच लोकांनी. १९२३ मध्ये अचलपूरच्या कळमकर घराण्याने ही जागा खापर्डे यांच्या मालगुजारीतून विकत घेऊन तीर्थासाठी मोकळी केली. आज तुम्ही पायऱ्या चढता, पाणी पिता, धर्मशाळेत राहता, त्यामागे समाजाचा पैसा आणि कष्ट आहेत. धबधब्याचा रील टाकताना एवढं एक वाक्य जोडायला काही हरकत नाही.

अचलपूर की अलचपूर?

परतवाड्याला लागूनच अचलपूर. आपले आजोबा ‘एलिचपूर’ म्हणायचे आणि आपल्याला वाटायचं की हा इंग्रजांनी केलेला बिघाड. तसं नाही. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्र नावाचे थोर जैन आचार्य होते. त्यांनी प्राकृत भाषेचं व्याकरण लिहिलं. त्यात एक आख्खं सूत्र आपल्या अचलपूरसाठी आहे! या नावात च आणि ल यांची अदलाबदल होते, लोक ‘अलचपूर’ म्हणतात, असं ते नोंदवतात. म्हणजे नऊशे वर्षांपूर्वी आपल्या गावच्या माणसांची बोलण्याची लकब पार पाटणच्या पंडितापर्यंत पोचली होती. इतकं हे गाव माहितीचं होतं.

त्याच्याही आधी, इ. स. ९८८ मध्ये, हरिषेण नावाचा कवी चित्तोडकडून अचलपुरात आला आणि त्याने इथे ‘धम्मपरिक्खा’ हा ग्रंथ लिहिला. भाषा अपभ्रंश. प्राकृत आणि आजची मराठी-हिंदी-गुजराती यांच्या मधला टप्पा म्हणजे अपभ्रंश. ग्रंथाचा सूर खट्याळ आहे: अशक्य गोष्टी सांगून समोरच्याला विचारायचं, ‘हे पटत नाही? मग तुमच्या पुराणांतलं कसं पटतं?’ आजच्या भाषेत वादविवादाचं सडेतोड पॉडकास्ट म्हणा ना!

अचलपुरात बस थांबते तिथे या हरिषेणाच्या नावाची एक पाटी लागली तर किती खर्च येईल? फार नाही. पण त्याने काय बदलेल याचा विचार करा. आपलं गाव म्हणजे नुसती तूर-कापसाची बाजारपेठ नव्हे, इथे हजार वर्षांपूर्वी बाहेरून लेखक येऊन राहत होते, हे तिथल्या पोराला कळेल.

कारंजा: जिथे पोथ्या राहिल्या

आता गाडी दक्षिणेकडे वळवू. अमरावतीहून कारंजा लाड. बहुतेकांना कारंजा माहीत आहे ते नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून. गुरुमंदिरात गर्दी असते. त्याच गावात थोडं आत गेलं की जुनी जैन मंदिरं आहेत, आणि ती तीन वेगवेगळ्या परंपरांची आहेत: सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ. नावं ऐकून दचकू नका, ही दिगंबर साधूंच्या जुन्या शाखांची नावं आहेत. इथे भट्टारकांच्या गाद्या होत्या. भट्टारक म्हणजे मठ, मंदिर, ग्रंथ आणि शिष्य सांभाळणारे धर्मगुरू.

कारंजा तेव्हा भलतंच श्रीमंत होतं. १६७० मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेने इथून मोठी लूट नेल्याचं इतिहासात आहेच. त्यानंतर थोड्याच वर्षांत शीलविजय नावाचे एक श्वेतांबर साधू दक्षिणेची यात्रा करत इकडे आले. त्यांनी आपल्या ‘तीर्थमाला’ या प्रवासवर्णनात कारंज्याचं आणि इथल्या एका दानशूर दिगंबर व्यापाऱ्याचं मनापासून कौतुक केलंय. एका पंथाचा साधू दुसऱ्या पंथाच्या माणसाची स्तुती करतोय, हे ध्यानात ठेवा. पुढे शिरपूरला गेल्यावर आठवेल.

पैसा आला तसा गेला. पण या मंदिरांनी एक वस्तू टिकवली: हस्तलिखितं. जुन्या पोथीला वाळवी लागायच्या आत तिची नवी प्रत करायची, हे जैन परंपरेत पुण्याचं काम. श्रावक पैसे देऊन प्रत लिहून घ्यायचे आणि भांडाराला दान करायचे. आपण ज्याला बॅकअप म्हणतो तेच, फक्त बोरूने आणि शाईने.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात हिरालाल जैन नावाचे एक तरुण अभ्यासक इथे आले. पुढे ते अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवायचे. हेच कॉलेज आज शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था आहे, आपल्यातले कितीतरी जण तिथे शिकलेत. कारंज्याच्या भांडारांत त्यांना अपभ्रंशातली अशी पुस्तकं सापडली, जी विद्वानांना तोवर जवळजवळ अनोळखी होती. मग १९३१ पासून कारंज्याहून एक ग्रंथमाला सुरू झाली. पहिला ग्रंथ, पुष्पदंताचा ‘जसहरचरिउ’, प. ल. वैद्यांनी संपादित केला. पुढचे काही ग्रंथ स्वतः हिरालालजींनी. मराठीचा जन्म कसा झाला हे शिकवताना प्राध्यापक ज्या अपभ्रंश ग्रंथांची नावं घेतात, त्यातले काही जगाला कळले ते कारंज्यामुळे.

यातलं एक उदाहरण तर मला फार आवडतं. १९३४ मध्ये ‘करकंडचरिउ’ छापलं गेलं. कनकामर नावाच्या मुनीने लिहिलेली ही करकंड राजाची गोष्ट. गोष्टीत राजा तेरापूरजवळच्या डोंगरात जातो, तिथे त्याला पार्श्वनाथाची मूर्ती असलेलं जुनं लेणं दिसतं. तेरापूर म्हणजे तेर, आणि ती लेणी म्हणजे धाराशिव शहराजवळची लेणी! मराठवाड्यातल्या डोंगरात दगड आहे, त्याची गोष्ट वऱ्हाडातल्या पोथीत आहे. पोथी नसती तर त्या लेण्यांकडे जुने लोक कसे बघत होते हे आपल्याला कळलंच नसतं. अर्धा वारसा कागदावर आहे म्हणतो तो असा.

अमरावतीत छापलेला लॉग

आता माझ्या आवडीचा भाग. कॉम्प्युटर शिकलेल्या प्रत्येकाला लॉग बेस टू माहीत असतो. बायनरी सर्च किती पायऱ्यांत संपेल? ३२ नावं असतील तर अर्धी करत जा: १६, ८, ४, २, १. पाच वेळा. म्हणून ३२ चा लॉग पाच.

याचा इतिहास शोधताना मला ‘अर्धच्छेद’ हा शब्द सापडला. एखाद्या संख्येला जितक्या वेळा अर्धं करता येतं, तो तिचा अर्धच्छेद. तीनने भागत गेलं तर त्रिकच्छेद, चारने भागत गेलं तर चतुर्थच्छेद. हे सगळं ‘धवला’ नावाच्या टीकाग्रंथात आहे. वीरसेन आचार्यांनी तो राष्ट्रकूटांच्या काळात, नवव्या शतकाच्या सुरुवातीला पूर्ण केला. युरोपात नेपिअरने लॉगरिदम मांडला १६१४ मध्ये. दोन्हींचा हेतू वेगळा होता. नेपिअरला आकडेमोड सोपी करायची होती, वीरसेनांना विश्वातल्या जीवांच्या अफाट संख्या मांडायच्या होत्या. त्यामुळे ‘आमच्याकडे सगळं आधीच होतं’ वाली पोस्ट टाकायची घाई नको. पण अर्धं करत जाण्याची कल्पना स्वच्छ आणि नीट नियमांसह इथे आहे, हे खरं.

आणि मग मी त्या पुस्तकाचं प्रकाशनस्थळ बघितलं. अमरावती! धवलेच्या चौथ्या खंडात लखनौचे गणितज्ञ अवधेश नारायण सिंह यांचा धवलेतल्या गणितावर लेख आहे. साल १९४२. आपल्या गावापासून तासाभराच्या अंतरावर.

हा ग्रंथ अमरावतीत कसा पोचला, ती कथा एखाद्या वेब सीरिजला शोभेल अशी आहे. धवला म्हणजे ‘षट्खंडागम’ या दिगंबरांच्या सर्वांत जुन्या आगमावरची टीका. आकार सुमारे ७२ हजार श्लोकांएवढा. शतकानुशतकं ती फक्त एकाच ठिकाणी उरली होती: कर्नाटकात मूडबिद्रीला, ताडपत्रांवर, जुन्या कन्नड लिपीत. दर्शन व्हायचं, वाचायला मिळायचं नाही. तंत्राच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर एकच आणि पासवर्ड कुणाकडे नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सोलापूरचे हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे माणिकचंद या दोघा शेठांनी खटपट करून मूडबिद्रीतच नव्या प्रती करून घ्यायला सुरुवात केली. अट अशी की प्रत बाहेर जाणार नाही. नकलणाऱ्यांमध्ये मिरजेचे गजपती उपाध्याय होते. त्यांनी काम करता करता गुपचूप आणखी एक प्रत तयार केली, तीही घरी पत्नीच्या मदतीने. ती प्रत उत्तरेला सहारनपूरला पोचली. तिथे देवनागरीत नक्कल करताना पुन्हा एका शास्त्रींनी आपल्यासाठी एक प्रत ठेवून घेतली. तिच्यावरून पुढे प्रती होत गेल्या, आणि त्यातल्या काही अमरावतीला, कारंज्याला आणि बिहारमधल्या आरा इथे आल्या.

या तीन ठिकाणच्या प्रती समोर ठेवून हिरालालजींनी संपादन केलं. विदिशाच्या शेठ शिताबराय लक्ष्मीचंद यांनी निधी दिला. पहिला खंड १९३९ मध्ये अमरावतीहून निघाला, सोळावा १९५८ मध्ये. आणि यातली सर्वांत सुंदर गोष्ट अशी की सुरुवातीचे खंड बाहेर पडल्यावर, काम किती निष्ठेने चाललंय हे बघून, मूडबिद्रीच्या मंडळींनी स्वतः मूळ ताडपत्रांशी पडताळणी करायला साथ दिली. जे दार कित्येक पिढ्या बंद होतं ते उघडलं.

गजपतींनी केलं ते बरोबर की चूक, यावर मित्रांमध्ये आमचा बराच वाद झालाय. शब्द दिलेला मोडणं ही छोटी गोष्ट नाही. पण एवढं नक्की की प्रत चोरून बाहेर गेली तेव्हा दार उघडलं नाही. कुणीतरी ती खपून नीट वाचली, अर्थ लावला, आदराने छापली, तेव्हा उघडलं.

शिरपूर: बेचाळीस वर्षांचं कुलूप

आता कठीण भाग. कारंज्याहून पुढे वाशिम जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यात, शिरपूर जैन. १९९८ पर्यंत हा सगळा भाग अकोला जिल्ह्यातच होता. इथे अंतरिक्ष पार्श्वनाथ. मूर्ती जमिनीला टेकलेली नाही, अधांतरी आहे, अशी श्रद्धा आणि म्हणून नाव अंतरिक्ष. कथा पुन्हा अचलपूरच्या ईल राजाची: तळ्याच्या पाण्याने त्याचा त्वचारोग बरा झाला, त्या पाण्यात मूर्ती सापडली, ‘नेताना मागे वळून बघू नको’ असं सांगितलेलं असताना त्याने बघितलं, आणि मूर्ती तिथेच हवेत थांबली.

ही मूर्ती दिगंबर आणि श्वेतांबर दोघांनाही पूज्य. पूजेच्या पद्धती वेगळ्या. १९०५ मध्ये दोघांनी पूजेच्या वेळा वाटून घेतल्या. ते टिकलं नाही. लेप, मूर्तीचं रूप आणि व्यवस्थापन यांवरून खटले सुरू झाले, ते पार लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले आणि १९२९ मध्ये तिथला निकाल आला. तरी वाद मिटला नाही. १९८१ मध्ये मंदिराला कुलूप लागलं. दर्शन छोट्या झरोक्यातून. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर दार उघडलं, आणि त्यानंतरही तणाव झालाच.

कोण बरोबर हे सांगायला मी बसलो नाही, आणि ते माझं काम नाही. पण हिशेब करा. १९८१ मध्ये जन्मलेलं मूल बेचाळीस वर्षांचं होईपर्यंत त्याने ती मूर्ती धड समोरून बघितली नव्हती. एक आख्खी पिढी गेली.

पर्यटन वाढवू म्हणणाऱ्यांनी शिरपूरकडे नीट बघायला हवं. आपण जेव्हा एखाद्या जागेचा प्रचार करतो, बोर्ड लावतो, माहिती लिहितो, तेव्हा ‘हे कुणाचं’ हा प्रश्न आपोआप उभा राहतो. एका ओळीच्या चुकीच्या माहितीने जुनी जखम उघडते. म्हणून अशा जागेबद्दल लिहिताना दोन्ही बाजूंच्या परंपरा लिहा, निकाल देऊ नका. आणि शीलविजयांची आठवण ठेवा. याच परिसरात साडेतीनशे वर्षांपूर्वी एका पंथाचा प्रवासी दुसऱ्या पंथाच्या माणसाचं कौतुक लिहून गेलाय.

मग पाहुण्याने वागायचं कसं?

मी मोझरीचा, त्यामुळे पाहुणे येणाऱ्या गावात वाढलोय. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला आमच्या गावात लाखो लोक येतात. संध्याकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी सगळे मौन धरून उभे राहतात. गर्दीतला फुगेवाला सुद्धा. तिथे कुणी म्हणत नाही की ‘मी तर नुसता फिरायला आलोय, मला काय.’ दोन मिनिटं थांबायचं, एवढं केलं की नुसता बघायला आलेला माणूसही त्यात सामील होतो.

जैन तीर्थांवर नियम आहेत: चपला-बूट खाली काढा, बऱ्याच ठिकाणी चामड्याचा पट्टा-पाकीटही बाहेर, सूर्यास्ताआधी जेवण, कांदा-लसूण नाही, गाभाऱ्यात फोटो नाही. पर्यटनवाले याला अडचण समजतात. मला वाटतं बघण्यासारखं खरं हेच आहे. सूर्यास्ताआधी का जेवायचं, हे भोजनशाळेतल्या एखाद्या काकांना विचारा. दिव्याच्या उजेडात किडा-मुंगी मरू नये म्हणून, असं ते सांगतील. गाइडच्या पाठ केलेल्या भाषणापेक्षा ते पाच मिनिटांचं उत्तर जास्त लक्षात राहतं.

आणि आपल्यासारख्यांना, म्हणजे ज्यांना टायपिंग येतं, स्कॅनिंग येतं, त्यांना करण्यासारखं पुष्कळ आहे. नकाशावर या जागांची नावं आणि माहिती मराठीत नीट भरा. विकिपीडियावर हरिषेण, कनकामर, हिरालाल जैन यांच्यावर मराठीत लिहा. एखाद्या भांडाराने परवानगी दिली आणि मदत मागितली, तरच पोथ्यांच्या छायाचित्रणाला जा, आणि त्यांच्या अटींवर जा. अमरावतीच्या त्या कॉलेजात शिकत असाल तर मराठी किंवा संस्कृत विभागात विचारा की आपल्या या प्राध्यापकावर एखादं छोटं प्रदर्शन करता येईल का.

वाट साधी आहे, दोन दिवसांची. पहिल्या दिवशी सकाळी लवकर मुक्तागिरी, परतताना अचलपूर, रात्री अमरावती. दुसऱ्या दिवशी कारंजा, मग शिरपूर. नागपूरला जाणार असाल तर मध्यवर्ती संग्रहालयात अकोला जिल्ह्यातल्या राजनापूर खिनखिनीला सापडलेल्या धातूच्या जैन मूर्ती बघा. मूर्तिजापूर तालुक्यातलं हे गाव, नाव मजेशीर, मूर्ती अप्रतिम.

जाल तेव्हा धबधब्याचा व्हिडिओ जरूर काढा, मीही काढतो. फक्त त्याच्या खाली चार ओळी लिहा आणि मला पाठवा. पुढच्या भागात वाचून दाखवतो. तोवर, जय गुरु!